प्रिंट न दुमडता, न दबता पोहोचवायची कशी?

प्रवासात प्रिंट, म्हणजे कागदावर छापलेली कलाकृती, खराब होते ती बहुतेक वेळा चारच प्रकारांनी. कोपरा आपटून चुरगळतो. कागद मध्येच वाकतो आणि त्याला कायमची मोड पडते. पृष्ठभागावर काहीतरी घासत राहतं. किंवा ओल शिरते. पार्सल हरवणं, चोरीला जाणं हेही घडतं, पण त्यावर पुठ्ठ्याचा इलाज नाही, विम्याचा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

या चारही गोष्टींचा बंदोबस्त करताना दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतात. प्रिंट आत हलता कामा नये, आणि तिच्या छापील बाजूवर दाबही पडता कामा नये. नवखा माणूस हलू नये म्हणून आवळतो, बबल रॅप कोंबतो, चारी बाजूंनी टेप मारतो, आणि प्रिंट जागच्या जागी पण बुडबुड्यांचे गोल ठसे घेऊन पोहोचते. पुढच्या प्रत्येक पायरीवर हेच दोन प्रश्न विचारत राहायचे: हिला हलायला जागा आहे का, आणि हिच्यावर काय टेकलंय?

आधी कागद आणि शाई ओळखा

पॅकिंग प्रिंटच्या आकारावरून ठरवायची सवय असते. ते आधी कागदावरून ठरवावं, आकार नंतर.

कापसाच्या मॅट कागदावर पिगमेंट शाईने (बारीक रंगकणांच्या शाईने) काढलेली इंकजेट प्रिंट (जिला बरेच जण जिक्ले म्हणतात) दिसायला दणकट असते. चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचा जाड कागद हातात घेतला की हिला काय होणार असं वाटतं. पण तिचा पृष्ठभाग फार नाजूक असतो. गडद काळ्या भागावरून नख किंवा साधा कागद जरा घासला तरी चकाकणारी रेघ उमटते आणि ती पुसता येत नाही. बरायटा (बेरियम सल्फेटचा लेप असलेला, फोटोसारखा) किंवा ग्लॉसी कागदाचं दुखणं वेगळं: त्यावर ओरखडे लगेच दिसतात आणि घट्ट गुंडाळी केली तर वरच्या लेपाला बारीक तडे जाऊ शकतात.

स्क्रीनप्रिंटमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून केलेल्या छपाईत, शाईचा थर जाड असतो, आणि तो गुळगुळीत प्लास्टिकला उष्णतेत व दाबाखाली चिकटू शकतो. लिनोकट किंवा वुडकट (लिनोलियम किंवा लाकूड कोरून केलेल्या ठशावरची छपाई) तेलाच्या शाईत छापलेला असेल तर शाई वरून कोरडी लागली तरी आतून ओली असू शकते. एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून केलेल्या छपाईत) पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला असतो. तो खोलगट चौकोन ही त्या मुद्राचित्राची (ठशावरून छापलेल्या चित्राची) ओळख असते, आणि घट्ट गुंडाळून किंवा जड वजनाखाली ठेवून तो सपाट होऊ लागला तर चित्राचं काहीतरी गेलंच. हाताने बनवलेल्या कागदाची फाटल्यासारखी दिसणारी कडा मुद्दाम ठेवलेली असेल, तर तीही चित्राचाच भाग समजायची. अशा कागदाला पुठ्ठ्यात नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते.

वाळू द्या

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण गिऱ्हाईक घाई करत असतं.

पिगमेंट इंकजेट प्रिंट यंत्रातून बाहेर येते तेव्हाच हाताला कोरडी लागते. पण शाईतले ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे द्राव अजून कागदात असतात. लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घातली किंवा काचेमागे बसवली तर ते बाहेर पडून आतल्या बाजूला धुरकट थर जमतो. म्हणून निदान २४ तास सपाट, उघड्यावर, धूळ नसलेल्या खोलीत ठेवा. ग्लॉसी आणि बरायटा कागदांना जास्त वेळ द्यावा. वरून साधा, लेप नसलेला कागद अलगद टाकला आणि तो एकदोनदा बदलला तर तो बाहेर पडणारा द्राव शोषून घेतो.

तेलाच्या शाईच्या मुद्राचित्रांना दिवस पुरत नाहीत, आठवडे लागू शकतात. शाईचा थर, रंग आणि हवा यांवर ते अवलंबून असतं. तपासायची पद्धत सोपी: त्याच छपाईतली एखादी फुकट गेलेली प्रत घ्या, तिच्या सर्वांत जाड शाईवर पातळ टिश्यू ठेवून अंगठ्याने दाबा. टिश्यूवर डाग आला तर पाठवायची वेळ झालेली नाही, आणि गिऱ्हाइकाला तसं सरळ कळवावं.

काय काय लागेल

आधी प्रिंटला थेट टेकणाऱ्या वस्तू, कारण चूक महाग पडते ती इथे. छापील बाजूवर ठेवायला आम्लमुक्त टिश्यू किंवा आम्लमुक्त ग्लासिन. ग्लासिन हा गुळगुळीत, थोडा पारदर्शक कागद. तो धूळ आणि तेलकटपणा अडवतो, पण पाणी अडवत नाही, आणि दमट हवेत स्वतःच लाटालाटांचा होतो. नाव आणि रूप सारखं म्हणून स्वयंपाकघरातला मेणाचा किंवा सिलिकॉनचा बटर पेपर मात्र वापरू नका. वर्तमानपत्र तर नकोच. त्याची शाई लागते आणि त्या कागदात आम्ल असतं.

पिशवी घ्यायची तर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा पॉलिएस्टरची. पीव्हीसी टाळा, कारण ते मऊ ठेवण्यासाठी घातलेली द्रव्यं कालांतराने बाहेर येतात आणि शाईला चिकटतात. चिकट पट्टीच्या पिशव्यांचा एक छुपा धोका आहे. पट्टी झडपेवर असेल तर प्रिंट बाहेर ओढताना ती नेमकी चित्रालाच चिकटते. पट्टी पिशवीच्या अंगावर आणि झडप कोरी, अशी पिशवी मिळाली तर तीच घ्यावी.

बाकी सामान असं: नालीदार पुठ्ठा किंवा ५ मिलिमीटरचा फोमबोर्ड, ब्राउन पेपर, बबल रॅप, मजबूत ब्राउन टेप, कमी चिकटणारा मास्किंग टेप, धारदार कटर, स्टीलची पट्टी आणि मऊ केसांचा रुंद ब्रश. कात्रीने जाड पुठ्ठा कापू नका. कडा चेपतात आणि त्या चेपलेल्या कडेतच पुढे पुठ्ठा वाकतो.

हात आणि टेबल

टेबल प्रिंटच्या दुपटीएवढं मोकळं करा. चहाचा कप, पेन, उघडा कटर, सगळं दुसरीकडे. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती पांढरे हातमोजे फोटोत छान दिसतात, पण त्यांनी बोटांची जाणीव कमी होते, कागद निसटतो आणि मोज्याचे धागे कडेत अडकतात. मोजे हवेच असतील तर बोटांवर घट्ट बसणारे नायट्राइलचे घ्या. मोठी प्रिंट एका हाताने एका कोपऱ्यात कधीच उचलायची नाही. समोरासमोरचे दोन कोपरे दोन हातांत धरून मधला भाग झोळीसारखा सैल लोंबू द्यायचा. एका हाताने उचललेल्या जाड कागदाला अर्धचंद्रासारखी मोड पडते, आणि तिरप्या उजेडात ती आयुष्यभर दिसते.

गुंडाळायच्या आधी प्रिंट दोन्ही बाजूंनी तिरप्या उजेडात पाहा आणि फोटो काढा: पूर्ण चित्र, चारही कोपरे, सही आणि क्रमांक. भरपाईचा प्रश्न आलाच तर हे फोटो लागतात. कापसाच्या कागदावर सुटे तंतू असतात, ते ब्रशने हलकेच झटका. तोंडाने फुंकू नका. थुंकीचा एक बारीक थेंब मॅट कागदावर कायमचा राहतो.

सपाट की गुंडाळी?

शंका असेल तर सपाट. माझं मत इतकं सरळ आहे, आणि ते मोडायला कारण लागतं. ते कारण बहुतेकदा आकार आणि खर्च हेच असतं.

एचिंग, जाड थराची स्क्रीनप्रिंट, सोन्याचा वर्ख किंवा एम्बॉसिंग (दाबून उठवलेली नक्षी) असलेलं काम, जुनं मुद्राचित्र, कोरड्या माध्यमाने वरून रंगवलेली प्रिंट, यांची गुंडाळी करू नये. लहान प्रिंट, साधारण ४० × ५० सेंटिमीटरपर्यंतची, सपाटच पाठवावी. ट्यूबमध्ये घालून तिचा काही फायदा होत नाही. मोठी, एकसारख्या पृष्ठभागाची, नव्या कागदावरची इंकजेट प्रिंट मात्र रुंद ट्यूबमध्ये चांगला प्रवास करते. मोठं सपाट पाकीट हाताळताना वाकायचा धोका असतो, त्यामुळे अशा वेळी ट्यूबच जास्त सुरक्षित ठरू शकते.

खर्चाचं गणित समजून घ्या. कुरियर कंपन्या नुसतं वजन धरत नाहीत, आकारमानाचं वजनही काढतात आणि दोन्हींतलं जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आंतरराष्ट्रीय एक्सप्रेस सेवांत लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची पद्धत सर्रास आहे. ७० × १०० सेंटिमीटरची प्रिंट सपाट पाठवायला ११५ × ८५ × ५ चं पाकीट झालं, तर आकारमानाचं वजन होतं जवळजवळ ९.८ किलो. तीच प्रिंट ८० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर व्यासाच्या ट्यूबमध्ये घातली तर २.३ किलो. गिऱ्हाइकाला पाठवणीचा खर्च सांगण्याआधी हा हिशेब करा, आणि तो नुसत्या प्रिंटचा नको, बांधलेल्या पार्सलचा करा.

सपाट पॅकिंग

पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, प्रिंटपेक्षा प्रत्येक बाजूला निदान ५ सेंटिमीटर मोठे. हे ५ सेंटिमीटर म्हणजे कोपऱ्याचा विमा. पार्सल कोपऱ्यावर पडलं की चुरगळतो तो पुठ्ठ्याचा कोपरा, आणि प्रिंटचा कोपरा त्याच्या बराच आत असतो.

कापताना एक गोष्ट पक्की पाळा. पुठ्ठ्यातल्या नाल्या एका तुकड्यात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या याव्यात. नालीच्या दिशेने पुठ्ठा सहज दुमडतो, आडव्या दिशेने दुमडत नाही. दोन तुकड्यांच्या नाल्या एकमेकांना काटकोनात आल्या की कोणत्याच बाजूने वाकायला सोपी रेघ उरत नाही. दोन्ही एकाच दिशेने ठेवले तर दुप्पट पुठ्ठा घालूनही तो त्याच रेषेत मोडतो. ‘दुमडू नका’ असा मोठा शिक्का मारण्यापेक्षा पुठ्ठ्याची ही अदलाबदल कितीतरी जास्त काम करते. ढिगाखाली असलेल्या पार्सलवरचा शिक्का वाचतंय कोण?

आता प्रिंटच्या छापील बाजूवर ग्लासिन किंवा टिश्यू ठेवा, प्रिंटपेक्षा थोडा मोठा. पेन्सिलची सही असेल तर ती झाकली गेलीय ना, पाहा. ग्रॅफाइट घासून चित्रभर पसरतं. मग सगळं पिशवीत सरकवा, मागे आम्लमुक्त कार्ड घालून. सरकवताना प्रिंट कार्डावर ठेवून कार्ड ढकला, प्रिंट ढकलू नका.

पिशवी पुठ्ठ्यावर स्थिर करायला कागदाचे कोपरे बनवा. जाडसर कागदाचा चौकोन तिरपा दुमडून त्रिकोणी खिसा करायचा, चार कोपऱ्यांवर चार खिसे बसवायचे आणि त्यांच्या मागची बाजू टेपने खालच्या पुठ्ठ्याला चिकटवायची. टेप पुठ्ठ्याला आणि खिशालाच लागतो, प्रिंटला नाही आणि पिशवीलाही नाही. खिसे आवळून बसवू नका. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. त्याला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची मोकळीक नसेल तर तो मधून उठतो. ज्यांना हा खटाटोप जमत नाही ते पिशवीच्या चारही कडांवर टेप मारून मोकळे होतात. तसं केलं की गिऱ्हाइकाला पिशवी कापावी लागते, आणि कटरचं टोक प्रिंटपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

वरचा पुठ्ठा ठेवा. दोन पुठ्ठ्यांत प्रिंटच्या जाडीपेक्षा जास्त पोकळी वाटली तर प्रिंटच्या बाहेरच्या मोकळ्या किनारीवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवा. दाब त्या पट्ट्यांवर येतो, चित्रावर येत नाही. उठावदार शाई किंवा एम्बॉसिंग असेल तर या पट्ट्या हव्यातच. मग चारही कडा टेपने बंद करा. प्रत्येक टेपचं एक टोक थोडं आत दुमडून ठेवा, म्हणजे धरून ओढता येईल.

या सगळ्या संचाला बाहेरून एक पॉलिथिनची पिशवी. पाण्यापासून खरं रक्षण ती करते. पण ती हवाबंद करण्याच्या मोहात पडू नका, आणि दमट खोलीत पॅकिंग करू नका. ओलसर हवा आत कोंडली गेली आणि पार्सल थंड जागी पोहोचलं, तर तीच हवा पाणी होऊन कागदावर बसते.

शेवटी बाहेरचा खोका. ३ प्लायचा (तीन थरांच्या पुठ्ठ्याचा) खोका लहान प्रिंटला चालतो; मोठ्या किंवा किमती कामाला ५ प्लायचा घ्या. संच आणि खोका यांच्यामध्ये चारही कडांना बबल रॅप किंवा चुरगळलेला ब्राउन पेपर भरा. बबल रॅप लावताना बुडबुडे बाहेरच्या बाजूला आणि सपाट बाजू आत ठेवायची. खोका हलवून बघा. काही खडखडलं तर उघडून पुन्हा भरा.

ट्यूबमध्ये पाठवताना

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबा प्रिंटसाठी फार बारीक असतात. आतला व्यास ७५ मिलिमीटरच्या खाली नको. ३०० ग्रॅमच्या आसपासच्या कागदाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त चांगला. भिंत जाड हवी. बोटांनी दाबल्यावर दबणारी ट्यूब ट्रकमध्येही दबणार. चौकोनी किंवा त्रिकोणी खोके गडगडत नाहीत, म्हणून अनेकांना ते आवडतात. पण त्रिकोणी खोक्याच्या लांब कडा आपटून चेपतात, तेव्हा पुठ्ठा जाडच घ्या. ट्यूबची लांबी प्रिंटच्या रुंदीपेक्षा दोन्ही टोकांना ५ सेंटिमीटर जास्त.

छापील बाजू आत की बाहेर, यावर छपाई करणाऱ्यांत एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत. बाहेर ठेवली तर लेप ताणला जातो. आत ठेवली तर तो दाबला जातो, पण घासण्यापासून सुरक्षित राहतो. मी कागदाला विचारतो. रोलमधून कापलेल्या कागदाला वळण्याची सवय लागलेली असते. तो ज्या बाजूला आपोआप वळतो त्याच बाजूला गुंडाळायचा. विरुद्ध दिशेने गुंडाळणं म्हणजे कागदाशी कुस्ती, आणि त्यात मोड पडतेच.

प्रिंटपेक्षा मोठा ब्राउन पेपर टेबलावर पसरा. त्यावर आम्लमुक्त टिश्यू, त्यावर प्रिंट, त्यावर पुन्हा टिश्यू. आता बाहेरच्या ट्यूबपेक्षा थोडी बारीक दुसरी ट्यूब घ्या आणि तिच्याभोवती सगळं एकत्र, सैलसर पण सरळ गुंडाळा. आतली ट्यूब असली की गुंडाळी सगळीकडे सारख्या गोलाईची होते आणि बाहेरून दाब आला तरी कागद आत चेपत नाही. तिरपं जायला लागलं तर ओढून सरळ करू नका, उलगडून पुन्हा सुरुवात करा. ओढल्याने प्रिंटची बाजू टिश्यूवर घासते. ब्राउन पेपर दोन्ही बाजूंना ५-७ सेंटिमीटर बाहेर राहू द्या. ती टोकं हलकेच आत वळवा.

ही गुंडाळी कमी चिकटणाऱ्या टेपच्या दोन तुकड्यांनी ब्राउन पेपरवरच बंद करा. रबर बँड कधीच नाही. तो एका जागी आवळतो आणि त्याची खाच प्रिंटवर उमटते. आता बाहेरच्या ट्यूबमध्ये सरकवा. गुंडाळी अलगद सरकली पाहिजे. ढकलावी लागत असेल तर ट्यूब बारीक आहे. दोन्ही टोकांना चुरगळलेला टिश्यू ठेवा, प्रिंट पुढेमागे सरकणार नाही इतकाच; कोंबला तर कागदाच्या कडा चेपतात.

ट्यूबच्या प्लास्टिकच्या टोप्या प्रवासात निघतात. त्यांच्यावरून टेपच्या दोन पट्ट्या आडव्यातिडव्या, मग कडेने एक गोल फेरा. पण त्याआधी ट्यूबमध्ये पत्त्याची एक प्रत टाका. बाहेरचं लेबल फाटलं तर पार्सल कुणाचं हे सांगणारं दुसरं काहीच नसतं. सपाट पार्सललाही हेच लागू.

फ्रेमसकट?

शक्य असेल तर नकोच. फ्रेम गिऱ्हाइकाच्या गावात करून घेणं स्वस्तही पडतं आणि सुरक्षितही. पाठवावीच लागली तर काचेऐवजी ॲक्रिलिक बसवा. साधी काचच असेल तर तिच्यावर मास्किंग टेपच्या पट्ट्या आडव्याउभ्या लावा, म्हणजे फुटली तरी तुकडे प्रिंटवर पडत नाहीत. ॲक्रिलिकवर किंवा प्रतिबिंब कमी करणाऱ्या लेपाच्या काचेवर टेप लावू नका, लेप निघतो. कोपऱ्यांना फोमचे किंवा पुठ्ठ्याचे संरक्षक, मग बबल रॅप, मग एक खोका, आणि तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर भरण.

आपटून बघा

पॅकिंगच्या चाचण्यांसाठी इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन या संस्थेच्या ठरलेल्या पद्धती आहेत. त्यांतल्या सगळ्यात साध्या चाचणीत पार्सल १० वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, आणि सहाही पृष्ठांवर एकेकदा. हलक्या पार्सलसाठी उंची साधारण ७६ सेंटिमीटर, म्हणजे टेबलाएवढी.

हे घरी करायला प्रयोगशाळा लागत नाही. नवी पद्धत वापरायची असेल तर एक फुकट गेलेली प्रिंट नीट बांधा, कोपऱ्यापासून सुरुवात करून दहा वेळा टेबलाच्या उंचीवरून पाडा, मग उघडा. कोपरे शाबूत, पृष्ठभागावर चकाकी नाही, प्रिंट जागची हललेली नाही: एवढं जमलं तर पद्धत पक्की. त्यानंतर तेच पार्सल कुरियरने दूरच्या मित्राकडे पाठवा आणि त्याला उघडताना मोबाइलवर चित्रित करायला सांगा. तो कुठे अडखळतो, कटर कुठे घालतो, पिशवी कशी ओढतो, हे पाहताना आपलं पॅकिंग नव्याने कळतं.

लेबल आणि वेळ

जुना खोका वापरत असाल तर जुने बारकोड काढून टाका किंवा काळे करा. यंत्र कुठलाही बारकोड वाचतं. नव्या लेबलवर पत्त्यावरून पारदर्शक टेप चालतो, पण बारकोडवरून नको, चकाकीमुळे तो वाचला जात नाही. ट्यूबवर लेबल लांबीच्या दिशेने लावा. गोलाईवर आडवं गुंडाळलेला बारकोड यंत्राला अर्धाच दिसतो.

पाठवायचं आठवड्याच्या सुरुवातीला. सुट्टीच्या तोंडावर दिलेलं पार्सल गोदामात पडून राहतं, आणि गोदामात ऊनही असतं, ओलही.

परदेशी पाठवताना

सीमाशुल्काच्या कागदपत्रांत प्रिंटचा प्रकार बरोबर लिहावा लागतो, कारण त्यावरून कर ठरतो. सीमाशुल्कासाठी मालाला क्रमांक देणाऱ्या जागतिक एचएस वर्गीकरणात ९७०२ हा गट मूळ एनग्रेव्हिंग, मुद्राचित्रं आणि लिथोग्राफ यांचा आहे. त्यात फक्त कलाकाराने स्वतः हाताने बनवलेल्या ठशांवरून थेट छापलेली कामं बसतात. यांत्रिक किंवा प्रकाशयांत्रिक (फोटोवरून ठसा करणाऱ्या) प्रक्रियेने केलेली बसत नाहीत. म्हणजे हाताने कोरलेला लिनोकट ९७०२ मध्ये जातो. इंकजेट प्रिंट, मर्यादित आवृत्तीची आणि सही केलेली असली तरी, साधारणपणे छापील चित्रांच्या ४९११.९१ मध्ये जाते. हा फरक न पाहता प्रत्येक प्रिंटवर ‘मूळ कलाकृती’ लिहिणाऱ्यांची पार्सलं सीमेवर अडकतात. ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवायची विनंती गिऱ्हाईक करेल. ती नम्रपणे नाकारा. ते खोटं निवेदन ठरतं, आणि प्रिंट हरवली तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते.

पत्रटपालाने पाठवत असाल तर ३०० एसडीआरपर्यंतच्या (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किमतीला सीएन २२ आणि त्यावर सीएन २३ हा सीमाशुल्काचा फॉर्म लागतो. ट्यूबसाठी आंतरराष्ट्रीय पत्रटपालाची मर्यादाही लक्षात ठेवा: लांबी ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि लांबी अधिक व्यासाची दुप्पट मिळून १०४ सेंटिमीटरच्या आत. त्याहून मोठी ट्यूब पार्सल म्हणून जाते. लाकडी पेटी वापरणार असाल तर आयएसपीएम १५ हा लाकडातून कीड पसरू नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम पाहा. कच्च्या लाकडाला आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का लागतो. प्लायवूड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड त्यातून सुटतं.

विमा

‘घोषित किंमत’ आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुरियरकडे किंमत घोषित केली म्हणजे त्या किमतीपर्यंत त्यांची जबाबदारी मानली जाऊ शकते, पण कलाकृतींसाठी बऱ्याच कंपन्या ही मर्यादा फार खाली ठेवतात किंवा कलाकृती यादीतूनच वगळतात. अटी वाचायच्या त्या पार्सल देण्याआधी. एकेक प्रिंट मोठ्या किमतीची असेल तर कलाकृतींच्या वाहतुकीचा वेगळा विमा पाहा. दावा करताना लागतात ते पॅकिंगपूर्वीचे फोटो, पॅकिंगच्या टप्प्यांचे फोटो, आणि गिऱ्हाइकाने काढलेले खराब खोक्याचे फोटो. म्हणून गिऱ्हाइकाला आधीच कळवा: खोका चेपलेला दिसला तर उघडण्यापूर्वी फोटो काढा, आणि सगळं पॅकिंग सांभाळून ठेवा.

आतली चिठ्ठी

प्रमाणपत्र, बिल, आभारपत्र हे सगळं वेगळ्या पिशवीत घालून पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. स्टेपलर नाही, पेपरक्लिपही नाही. प्रिंटच्या पाठीला क्लिपचा ठसा पुढून दिसतो.

आणि उघडायची एक छोटी चिठ्ठी, खोका उघडताच पहिली दिसेल अशी. त्यात एवढंच पुरे: हात धुऊन कोरडे करा. कटर वापरायचा तर फक्त बाहेरच्या टेपवर, पात्याचं थोडंसंच टोक काढून. पुठ्ठ्याचे टेप दुमडलेल्या टोकाला धरून ओढा. पार्सल थंडीतून आलं असेल तर न उघडता काही तास खोलीत राहू द्या, नाहीतर गार कागदावर दव जमेल. ट्यूबमधून प्रिंट ओढून काढू नका; ट्यूब आडवी धरून ब्राउन पेपरसकट बाहेर सरकवा. उलगडून स्वच्छ टेबलावर ठेवा, वर स्वच्छ कागद, त्यावर सपाट पुठ्ठा आणि त्यावर थोडी पुस्तकं, निदान एक दिवस. एम्बॉसिंग असेल तर पुस्तकं ठेवू नका. वळण जात नाही म्हणून उलट्या दिशेने गुंडाळू नका. आणि फ्रेमवाल्याकडे न्यायची असेल तर त्याच पुठ्ठ्यांत ठेवून न्या.